लंढौरच्या वाटेवरची काचेरी जोडफळं

प्रश्न थोडक्यात असा होता: सप्टेंबरअखेर एक कुटुंब पुण्याहून मसुरीला गेलं होतं. लंढौरच्या चक्करवर रस्त्याकडेला पुरुषभर उंचीची झुडपं दिसली. पानांच्या बगलेत दोन-दोन पांढरट, आरपार दिसणारी फळं. मोबाइलमधल्या ॲपनं 'हनीसकल' सांगितलं. नेटवर शोधलं तर एकीकडे मधुमालती निघाली, दुसरीकडे 'हिमालयन हनीसकल' म्हणून लोंबणारी जांभळी फुलं. तर हे झुडूप नेमकं कोणतं? धाकट्यानं एक फळ तोंडात टाकलं होतं, ते विषारी आहे का? आणि चार फळं खिशातून पुण्याला आली आहेत, बी लावलं तर येईल का?

आधी धाकट्याचं बघू. तुम्ही परत येऊन तीन आठवडे झाले आणि पोरगं ठणठणीत आहे, म्हणजे त्याच्यापुरता विषय संपला. पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून सांगतो. हनीसकलच्या बऱ्याच जातींच्या फळांत सॅपोनिन असतं, म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या द्रव्यांच्या जातकुळीतलं. चव कडवट असते, त्यामुळे मूल सहसा एकानंतर दुसरं खात नाही. मूठभर पोटात गेलं तर उलट्या, पोटदुखी, जुलाब होऊ शकतात. तोंडातलं थुंकायला लावायचं, चूळ भरायला लावायची, झुडपाची पानाफळांसकट डहाळी जवळ ठेवायची, आणि त्रास सुरू झाला तर ती डहाळी घेऊनच डॉक्टरकडे जायचं. 'पांढरी फळं होती' एवढ्यावरून डॉक्टर काय ओळखणार?

आता ओळख. मी मूळचा साताऱ्याकडचा, पण गेली बावीस वर्षं उत्तराखंडात चकरात्याच्या बाजूला, साधारण दोन हजार मीटरवर, डोंगरी झाडांची रोपवाटिका सांभाळतो. दरडी कोसळलेल्या उतारांवर लावायला तिथलीच झुडपं वाढवायची, हे आमचं काम. तुम्ही पाठवलेलं वर्णन वाचून मला फोटोची गरजच वाटली नव्हती. तरी तुमच्या तिसऱ्या फोटोत फळामागून ऊन आलंय, त्यानं शंकेला जागाच ठेवली नाही. हे लोनिसेरा क्विंक्वेलोक्युलारिस. हिमालयातलं हनीसकल, वेल नव्हे, झुडूप. अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल, गढवाल, कुमाऊँ, नेपाळ, भूतानपर्यंत आणि पुढे चीनच्या नैर्ऋत्येपर्यंत ते आढळतं. आमच्या भागात मुख्यतः दीड ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात, बांज म्हणजे ओकच्या जंगलाच्या कडेनं, देवदाराखाली, आणि रस्ता काढताना कापलेल्या दरडींवर तर हमखास. दोन-तीन मीटर वाढतं, चांगली जागा मिळाली तर आणखीही.

त्याचं फळ उन्हाकडे धरून बघितलंत का? भिजवलेला सब्जा आठवा. बाहेर पाणीदार पारदर्शक गोळा आणि आत काळसर ठिपका. तसंच हे, फक्त वाटाण्यापेक्षा थोडं लहान, आणि आत एकाऐवजी दोन, तीन, चार गडद जांभळट-काळ्या बिया. साल इतकी पातळ की बी कुठे टेकलंय तेही दिसतं. आमच्या पट्ट्यातल्या बाकीच्या हनीसकलांची फळं लाल, केशरी, निळी-काळी असतात. इथे पांढरी काचेरी फळं या एकाचीच, म्हणून ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ते ओळखणं सगळ्यात सोपं.

फूल मात्र फसवतं. मे-जूनमध्ये गेला असतात तर एकाच डहाळीवर पांढरी आणि पिवळी फुलं शेजारीशेजारी दिसली असती आणि तुम्ही म्हणाला असतात, दोन जाती आहेत. जात एकच. फूल उमलताना पांढरं असतं, जुनं होत जाईल तसं पिवळं पडतं. आकार उघड्या तोंडासारखा: वरचा ओठ रुंद, चार दात्यांचा, खालचा एकच निमुळता, मागे वळलेला. पाच पुंकेसर ओठांबाहेर डोकावतात. संध्याकाळी वास जास्त येतो, कारण दिवसा मधमाश्या येत असल्या तरी लांब सोंडेचे पतंग यायची वेळ तीच.

आणि मधुमालतीचा घोळ इथेच सुरू होतो. आपल्याकडे बंगल्याच्या फाटकावर जी मधुमालती चढवलेली असते, पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होणारी, ती रंगूनची वेल. तिचं कूळ अर्जुन, हिरडा, बेहडा यांचं. हनीसकलशी तिचं काही नातं नाही. दोघींची फुलं रंग बदलतात, दोघींना वास येतो, दोघींकडे पतंग येतात, आणि कोणीतरी कधीतरी शब्दकोशात हनीसकलपुढे 'मधुमालती' लिहून मोकळं झालं. तेव्हापासून भाषांतरकार तेच उचलत आलेत. माझं मत विचाराल तर मराठीत सरळ हनीसकल म्हणावं. आपल्या सह्याद्रीत जे झुडूप नाही, त्याला मराठी नाव नसलं तर त्यात कमीपणा कसला?

'हिमालयन हनीसकल' हा दुसरा घोळ, आणि तो विलायती रोपवाटिकांनी घातलाय. त्या नावानं जे विकलं जातं ते लेसेस्टेरिया फॉर्मोसा. हिमालयातलंच आहे, हनीसकलच्याच कुळातलं आहे, पण लोनिसेरा नाही. त्याच्या हिरव्या पोकळ काड्यांना जांभळट छदांचे, म्हणजे फुलांखालच्या पानांचे, घोस लोंबतात आणि त्यांच्या आड पांढरी फुलं असतात. एकदा पाहिलं की परत गल्लत होत नाही. पण दिल्लीच्या एका मोठ्या रोपवाटिकेनं आम्हाला 'हिमालयन हनीसकल'ची ऑर्डर दिली होती. मी क्विंक्वेलोक्युलारिसची साठ रोपं पाठवली, त्यांना लेसेस्टेरिया हवं होतं. साठही रोपं परत आली, निम्मी मेलेली, भाडं माझ्या अंगावर. तेव्हापासून मी बिलावर शास्त्रीय नावाशिवाय काही लिहीत नाही.

शास्त्रीय नावाचंच निघालंय म्हणून. लोनिसेरा हे नाव सोळाव्या शतकातल्या आडाम लोनिट्सर या जर्मन वनस्पतीतज्ज्ञावरून लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञानं दिलं. क्विंक्वेलोक्युलारिस म्हणजे पाच कप्प्यांची. हे नाव थॉमस हार्डविक या ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं दिलं. तो १७९६ मध्ये श्रीनगरला गेला होता आणि त्या प्रवासाचा वृत्तान्त १७९९ मध्ये छापून आला, त्यात हे झुडूप आहे. श्रीनगर म्हटल्यावर काश्मीरकडे बघू नका. हे अलकनंदेकाठचं, गढवालच्या राजांचं श्रीनगर. बद्रीनाथला जाताना तुमची गाडी जिथे चहाला थांबते ते. म्हणजे तुम्ही ज्याला रस्त्याकडेचं रानटी झुडूप समजलात, त्याची शास्त्रात नोंद सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच डोंगरांतून झाली.

पण फळं नसतील, फुलंही नसतील, तर? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी फुलाकडे बघूच देत नाही. पानं बघा: समोरासमोर, जोडीनं. इथेच कोटोनिॲस्टर आणि किनगोड म्हणजे दारूहळद बाद होतात, त्यांची पानं एकाआड एक. मग पानाच्या बगलेत बघा. एकच देठ आणि त्याच्या टोकावर दोन फुलं किंवा दोन फळं, कायम दोनच. व्हायबर्नमचीही पानं समोरासमोर असतात, पण त्याला फळांचा घोस येतो. फळाच्या टोकाला फूल गळून पडल्याची बारीकशी खूण असते, कारण हनीसकलचा बीजकोश पाकळ्यांच्या खाली असतो. पेरूच्या बुडाशी जसं वाळकं बोंडकं राहतं, तसंच, फार लहान प्रमाणात.

आता त्या देठाची लांबी. क्विंक्वेलोक्युलारिसमध्ये देठ इतका तोकडा की जोडफळ पानाच्या बगलेत बसल्यासारखं वाटतं. त्याच जंगलात थोडं वर, सावलीत, लोनिसेरा अंगुस्तिफोलिया भेटतं. पानं अरुंद, आणि देठ दोऱ्यासारखा बारीक, लांब, खाली झुकलेला. त्याची गुलाबी-पांढरी फुलं कानातल्या डुलांसारखी पानांखाली लटकतात. फळं लाल, आणि दोन्ही फळं बुडाशी एकमेकांना चिकटलेली. ही फळं मात्र पिकल्यावर खातात. आमच्याकडे काम करणाऱ्या एक दीदी गवत कापायला गेल्या की परतताना ओच्यात घेऊन येतात. मी विचारलं, 'पांढरी का नाही आणत?' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी धोतऱ्याची भाजी मागितली होती. पांढरी फळं कोणी खाताना मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही, फक्त बुलबुल खातात.

अजूनही खात्री नसेल तर काडी मोडा. पेन्सिलीएवढी, गेल्या वर्षीची. सुरीनं तिरकी कापली तर क्विंक्वेलोक्युलारिसची काडी आतून पोकळ दिसते, एखाद्या बारीक नळीसारखी. अंगुस्तिफोलियाची भरीव, पांढऱ्या गाभ्याची. पानं गळून गेल्यावर, जानेवारीत बर्फात उभ्या असलेल्या उघड्याबोडक्या झुडपात एवढी एकच खूण हाताशी राहते आणि तिनं मला कधी दगा दिलेला नाही. रस्त्याकडेची एक काडी मोडायला हरकत नाही, राष्ट्रीय उद्यानात मात्र नाही. उत्तराखंडातली फुलांची दरी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, २००५ पासून जागतिक वारसा यादीतही. तिथे काडी, फळ, बी, काहीच तोडायचं नाही.

तुम्ही पुढे आणखी उंच जाणार आहात असं लिहिलंय, म्हणून ही शिडी सांगून ठेवतो. हनीसकल हिमालयात मजल्यामजल्यानं राहतात. बांजच्या जंगलात पांढऱ्या फळांचं हे. त्याच्या वर अंगुस्तिफोलिया. रागा म्हणजे फरच्या गर्द, ओल्या जंगलात वेबियाना. त्याची फुलं मळकट जांभळी-हिरवट, अगदी लांब देठावर. युरोपातल्या आल्प्समध्ये लोनिसेरा आल्पिजेना म्हणून लाल जोडफळांचं झुडूप आहे, हे त्याचं जवळचं भावंड. झाडं संपतात तिथे ओबोव्हाटा, गुडघ्या-कमरेएवढं, बारीक पानांचं, निळ्या-काळ्या फळांचं. त्याच उंचीवर हिस्पिडा, अंगभर राठ केस आणि फुलांना झाकणारे दोन मोठे छद. आणि लडाखला गेलात, जिथे आता मोटारसायकलवर निम्मं पुणे-ठाणे जातं, तर चार हजार मीटरच्या आसपास दगडांत एक काटेरी, खुरटं, गुलाबी फुलांचं झुडूप दिसेल. फांद्यांची टोकंच काटे झालेली. तेही हनीसकलच, लोनिसेरा स्पिनोझा. त्याच्या फुलाला ओठ नाहीत, पाच सारख्या पाकळ्यांची चांदणी असते. ॲप त्याला काहीही म्हणतं.

आता तुमच्या खिशातली चार फळं.

पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखाच होतो. ऑक्टोबरात देवबनच्या वाटेवरून पिशवीभर फळं आणली, बी काढलं, आणि आई गावाकडे काकडीचं, दोडक्याचं बी वाळवते तसं वर्तमानपत्रावर उन्हात खडखडीत वाळवलं. पाकिटात भरून कपाटात ठेवलं. मार्चमध्ये खोलीच्या उबेत ट्रेमध्ये पेरलं. एप्रिल गेला, मे गेला, जुलै उजाडला. एक कोंब नाही. वैतागून सगळी माती शेडमागे ओतली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शेडमागे शेणखताचा ढीग उचलायला गेलो तर त्या मातीवर गवतासारखी दोन-दोन पानांची गर्दी. मधला हिवाळा त्या मातीनं बर्फाखाली काढला होता.

त्याचं कारण असं. हनीसकलचं बी फळातून सुटतं तेव्हा आतला अंकुर अपुरा वाढलेला असतो. ओलसर मातीत त्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, आणि आमच्या डोंगरातल्या जातींना त्यात थंडीचा मोठा मुक्काम लागतो. कोरडं करून कपाटात ठेवलं की हे काम थांबतं. म्हणून आता आम्ही फळं चहाच्या गाळणीवर चोळतो, गर धुऊन टाकतो, बी न वाळवता त्याच आठवड्यात वाळू आणि बांजचा पालापाचोळा कुजलेली माती यांच्या मिश्रणात पेरतो. ट्रे उघड्यावर, वर उंदरांसाठी जाळी. त्यावर बर्फ पडू द्यायचं. मार्चअखेर कोंब दिसू लागतात. सगळे नाही, काही पठ्ठे आणखी एक वर्ष झोपून राहतात, म्हणून ट्रे दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत फेकायचा नाही.

छाट कलमंही होतात. डिसेंबर-जानेवारीत पानं गळाल्यावर पेन्सिलीच्या जाडीच्या काड्या, वीतभर लांबीच्या. इथे काडी पोकळ असल्याचा त्रास होतो. दोन डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींच्या, मध्ये कापलं तर नळीत पाणी शिरतं आणि काडी खालून कुजते. डोळ्याच्या अगदी खाली कापायचं, तिथे गाठ भरीव असते. माझी पहिली दोनशे कलमं मी हे न कळल्यामुळे घालवली.

पुण्याचं विचाराल तर तुम्हाला नाउमेद करणं भाग आहे. बी उगवेल. ओल्या वाळूत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन महिने ठेवा, फेब्रुवारीत कुंडीत पेरा, दोन-चार रोपं येतीलही. मग एप्रिल येईल. हे झुडूप पानं गाळून, थंडीत झोपून, वसंतात जागं होणाऱ्यातलं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथली थंडी त्याच्या खिजगणतीत नाही. उन्हाळ्यात ३८-४० अंश, आणि त्यातून वाचलं तर चार महिने कुंडीत साचणारं पाणी. पण महाबळेश्वरला? हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. उंची साडेतेराशे मीटर, ऐकायला बरं वाटतं. पण तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डिसेंबरातली रात्रही या झुडपाला गुलाबी थंडी वाटावी अशी. माझ्या एका मित्रानं हौसेनं तीन मुळावलेली रोपं तिथल्या बंगल्यात नेली होती. दोन पहिल्याच पावसाळ्यात गेली. तिसरं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तगलं, एकही फूल न देता.

हनीसकलच हवं असेल तर पुण्यातल्या रोपवाटिकांत त्या नावानं वेल मिळते, ती बहुतेक करून जपानी हनीसकल, लोनिसेरा जापोनिका. फुलं तशीच, पांढऱ्याची पिवळी होणारी, वास झकास, फळं काळी. सकाळचं ऊन, दुपारी सावली, जाळीचा आधार, आणि दर वर्षी हात न थरथरता छाटणी. कुंडीतच ठेवा. हीच वेल अमेरिकेच्या पूर्व भागात बागांतून सुटून जंगलं झाकत सुटली आहे. तुमचे कोणी नातेवाईक ओहायो-इंडियानाकडे असतील तर त्यांना नदीकाठच्या पायवाटेवर लाल जोडफळांची झुडपं विचारा. ते अमूर हनीसकल, तुमच्या लंढौरच्या झुडपाचं सख्खं भावंड, काडीही तशीच पोकळ. पूर्व आशियातून बागांसाठी नेलं आणि आता तिथले स्वयंसेवक शनिवार-रविवारी ते उपटत बसतात.

नुसता पांढऱ्या फुलांचा आणि वासाचा सोस असेल तर मी मात्र कुसर लावीन. सह्याद्रीतली रानजाई, एप्रिल-मेमध्ये घाटातला रस्ता जिच्या वासानं भरतो ती. तिला पुण्याचा उन्हाळा आणि पाऊस दोन्ही जन्मापासून ठाऊक आहेत. लहान मुलांना फळं तोडून खायची हौस भागवायची असेल तर कुंपणाला करवंद. चीक हाताला चिकटेल तेवढाच.

लंढौरची चार फळं मात्र फेकू नका. एक उघडून बिया मोजा. भिंगाखाली बघितलंत तर बी चपटं दिसेल. बाकीच्या तिनांचं बी ओल्या वाळूत फ्रिजमध्ये ठेवा आणि फेब्रुवारीत मला कळवा. मार्चमध्ये आमचा माणूस पुण्याला येतो, कोंब आले असतील तर तो ते ओल्या गोणपाटात गुंडाळून परत चकरात्याला आणेल.